सुरकुतलेले समुद्र

१

“माझ्या लेकीच्या गोळ्या कोणीतरी चोरतंय,” ताई फोनवर म्हणाली, “आणि चोर बाहेरचा नाही.”

जन्मभर मी विमा कंपनीत खोटे दावे शोधण्याचं काम केलं. माणूस सांगतो की आगीतून नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलो, आणि त्याच्या भिंतीवरच्या तसबिरी शेजाऱ्याच्या माळ्यावर सुखरूप सापडतात. असल्या गमती पाहून माझा स्वभाव कडवट झालाय. म्हणून नातेवाईक मला आनंदाच्या प्रसंगी विसरतात आणि काही हरवलं की हमखास आठवतात. पण ताई माझी थोरली बहीण आहे. तिनं बोलावलं की मी तोंड वाकडं करतो आणि पिशवी भरतो.

ताईच्या घरात पृथ्वीगोल तयार होतात. पुढच्या खोलीत लगद्याचे पांढरे गोल, टेबलावर खळीचं भांडं आणि नकाशाच्या पट्ट्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. पट्टीला पट्टी लागत जाते आणि जग पुरं होतं. मागची खोली वाळवणीची. तिथे बारा महिने शेगडी मंद तापत असते आणि छताला दोऱ्यांनी टांगलेले लहानमोठे गोल असतात. दार उघडलं की ते सगळे सावकाश फिरू लागतात. निळं पाणी जातं, तपकिरी जमीन येते, पुन्हा निळं पाणी येतं. त्या खोलीत गेलं की आपण कशासाठी आलो होतो ते आठवत नाही. मला तर दर वेळी वाटतं, आपण लहान आहोत आणि आज शाळेला सुट्टी आहे.

या घराचा एक नियम आहे, तो माझ्या मेव्हण्यांनी घातला. गोलावर पट्ट्या लावायला घेतल्या की शेवटची लागेपर्यंत उठायचं नाही. खळ मधेच सुकली की कागद आक्रसतो आणि समुद्राला समुद्र जुळत नाही. थोरल्या मुलाच्या वेळी ताईला कळा सुरू झाल्या तेव्हाही मेव्हण्यांनी आधी हातातला गोल पुरा केला, हे ते वारल्यावरही ती अजून ऐकवते.

ताईनं मला बसवलं आणि सगळं सांगितलं. धाकटीला, म्हणजे माझ्या भाचीला, लहानपणापासून अपस्मार. एका जुन्या औषधानं फिट पुरत्या बंद होत्या, वर्षानुवर्षं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी रक्त तपासून जोडीला जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. सगळ्या गोळ्यांची डबी सूनबाईच्या, म्हणजे थोरल्याच्या बायकोच्या, ताब्यात. सकाळ-संध्याकाळ ती आपल्या हातानं देई. आणि आता फिट परत आल्या होत्या. शेवटची जिन्यावर आली, कपाळाला टाके पडले. रक्तात औषध निम्म्याहून कमी निघालं.

“डबीतल्या गोळ्या तर बरोबर कमी होतात,” ताई म्हणाली. “मग जातात कुठे? ह्यांनी कारखाना धाकटीच्या नावे केलाय. ती अंथरुणाला खिळली तर कोणाचं फावणार, ते मी तुला सांगायला नको.”

थोरला बायकोशी बोलेनासा झाला होता. पुढल्या महिनाअखेर सूनबाईनं माहेरी जायचं ठरलं होतं, आणि परत ये असं तिला कोणी म्हणणार नव्हतं. मी विचारलं, धाकटी स्वतः काय म्हणते? ताईनं हात झटकला. फिट आल्यावर जिला आजचा वार आठवत नाही तिला काय विचारायचं, म्हणाली. मला ते तेव्हा पटलं.

२

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना शांत होता. खिडकीत पडदा हलत होता आणि त्या हळू बोलत होत्या. त्यांचं बोलणं मी माझ्या भाषेत सांगतो.

धाकटीचं औषध फिट रोखतं, पण त्यापायी यकृताला जादा कामाला लावतं. त्या गडबडीत शरीरातलं फोलिक अॅसिड खर्ची पडतं, कधी बी-सहा आणि बी-बाराही. ही जीवनसत्त्वं होमोसिस्टीन नावाच्या पदार्थाची विल्हेवाट लावत असतात. ती कमी पडली की होमोसिस्टीन रक्तात साचतं. बरीच वर्षं साचलेलं रक्तवाहिन्यांना बरं नाही. धाकटीचा आकडा फार वर गेला होता म्हणून गोळ्या सुरू केल्या.

“पहिल्या तपासणीत छान खाली आला,” त्या म्हणाल्या. “मग पुन्हा वर. मी फोलिक वाढवलं, तर आणखी वर. पुन्हा वाढवलं, तर त्याहून वर.”

मी विचारलं, याचा अर्थ काय? त्यांनी चष्मा काढून पुसला. सूनबाई त्यांनाही आवडत असावी. पण जीवनसत्त्व पोटात जात असेल तर हा आकडा चढायला नको, आणि मुख्य औषध जात असेल तर रक्तात ते इतकं कमी सापडायला नको, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही गोळ्या एकाच हातातून जातात.

माझ्या धंद्यात असे दोन पुरावे एकाच माणसाकडे बोट दाखवू लागले की आम्ही कागद बंद करून चहा मागवायचो.

३

तरी मी रीतसर सगळ्यांना भेटलो. औषधाच्या दुकानदारानं मला डबा उघडून दाखवला. त्याच डब्यातल्या गोळ्या त्याची स्वतःची आई घेत होती आणि तिला वर्षभरात फिट नव्हती. माणूस आईला खोटी गोळी देत नाही, निदान फुकट तरी देत नाही. त्याला मी सोडून दिलं.

थोरला बोलायला तयार नव्हता. तो आपला गोलावर वाकून पट्टी बसवत होता आणि मी त्याच्या पाठीशी बोलत होतो. शेवटी म्हणाला, मामा, आईचं खरं मानलं तर बायको जाते आणि बायकोचं खरं मानलं तर आई खोटी पडते. मी कुठे बघू? म्हणून गोलाकडे बघतो. त्याला रागवायला गेलो होतो, तसाच परत फिरलो.

सूनबाई वाळवणीच्या खोलीत गोल उलटेपालटे करत होती. तिनं माझ्यासाठी स्टूल पुसलं. रडली नाही, शपथ घेतली नाही. गोळी देते, पाण्याचा पेला देते, ती गिळेपर्यंत उभी राहते, एवढंच तिनं सांगितलं. मग म्हणाली, “मामा, तुम्ही खूप खोटी माणसं पाहिलीत. मी खोटी वाटत असेन तर तसं सांगा. निदान कोणीतरी तोंडावर सांगितल्यासारखं होईल.”

मी नजर तिच्यावरून काढून वर नेली. तिच्या डोक्यामागे गोल फिरत होते आणि कोपऱ्यात, सगळ्यांच्या मागे, तीन गोल वेगळेच दिसले. त्यांच्या समुद्रांना सुरकुत्या होत्या. या घरात सुरकुती पडलेला गोल त्याच दिवशी फोडून लगद्यात टाकतात. हे तिघे कसे जगले? सगळ्यात लहान गोल सगळ्यात चुरगळलेला, मधला थोडा बरा, तिसरा मोठा आणि त्याच्यावर दोनचारच रेघा. सूनबाई म्हणाली, धाकटीनं हात लावू नका म्हणून बजावलंय. मी मनात म्हटलं, बिचारीचा हात थरथरतो आणि तिला ते कोणाला दिसू द्यायचं नाही.

तेवढ्यात पुढच्या दारी रक्ताचे नमुने नेणारा आला. कुठल्यातरी बिलाची पावती द्यायची होती म्हणे. चाळिशीकडे झुकलेला, टक्कल पडू लागलेला, बोलताना जमिनीकडे बघणारा माणूस. धाकटी त्याला डासराव म्हणते. मला त्याच्याविषयी एवढंच लक्षात राहिलं की रक्ताच्या कामातल्या माणसाच्या बाहीला लालऐवजी निळा डाग होता.

४

मग मी माझ्या मते फार हुशारीचा डाव टाकला. सगळ्या गोळ्या दुकानातून नव्या आणल्या, माझ्या बॅगेत कुलपात ठेवल्या, किल्ली गळ्यात अडकवली. धाकटीला गोळ्या मीच देणार, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. आकडा खाली आला, रक्तात औषध वाढलं, की सूनबाईचा निकाल लागला. तिनं मान डोलावली. ताईनं माझ्या पुढ्यात सुपारी ठेवावी तसा विश्वास ठेवला.

ते तीन आठवडे कसे गेले मला नीटसे आठवत नाहीत. सकाळी गोळी देई, दुपारी वाळवणीच्या खोलीत बसे, आणि शेगडीच्या उबेनं डोळे मिटत. धाकटी गोळी घेऊन जीभ बाहेर काढून दाखवी, लहान मुलासारखी. बत्तीस वर्षांच्या बाईला असं करावं लागतं याचं मला वाईट वाटे, पण मी पाहून घेई.

रक्त न्यायला डासराव आला त्या सकाळीही मी तिथेच बसलो होतो; धाकटी आपले गोल त्याच खोलीत चिकटवते. सुई टोचताना पाहिलं. पुढे डोळा लागला. स्वप्नात कितीतरी पृथ्व्या फिरत होत्या, त्यांच्यामध्ये एक काळी पिशवीही खुंटीला सावकाश फिरत होती. दोन माणसं एका भल्यामोठ्या गोलावर वाकली होती. “आता उठायचं नाही हं,” कोणीतरी म्हणत होतं आणि दुसरं कोणीतरी हसत होतं. जागा झालो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती, खोलीत कोणी नव्हतं, आणि इतकं सुंदर स्वप्न मोडल्याची मला हळहळ वाटली.

दोन दिवसांनी धाकटीला माझ्यासमोर फिट आली. बोलता बोलता तिची नजर माझ्या मागे कुठेतरी गेली, हातातला पेला सुटला. सूनबाई माझ्याआधी पोचली. तिनं तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला पदर घडी करून ठेवला आणि संपेपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जिच्यावर गोळ्या चोरल्याचा आरोप ठेवायचा त्या बाईचा हात मी त्या दिवशी नीट पाहिला.

संध्याकाळी निकाल आला. होमोसिस्टीन आजवरचं सगळ्यात जास्त, रक्तात औषध आजवरचं सगळ्यात कमी. डबी माझ्या बॅगेत होती आणि किल्ली माझ्या गळ्यात. त्या हिशेबानं चोर मीच होतो.

५

तेव्हा कुठे मला सुचलं की एका माणसाला मी प्रश्नच विचारला नव्हता. धाकटी पलंगावर उशीला टेकून बसली होती. मी विचारलं, वहिनी तुला गोळ्या द्यायची का?

“रोज,” ती म्हणाली. “मी आईला सांगितलं, दादाला सांगितलं. म्हणाले, तुला काय आठवतंय. मामा, फिट आली तर मला ती सकाळ आठवत नाही. बाकीचं आयुष्य आठवतं.”

मी कानकोंडा झालो. मग म्हटलं, हात थरथरतो म्हणून ते सुरकुतलेले गोल लपवून ठेवलेस का? ती आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग मनापासून हसली. माझा हात आणि सुरकुती, म्हणाली. तो अपमान तिला फिटपेक्षा जास्त लागलेला दिसला. ते गोल कोणाचे, हे मात्र तिनं सांगितलं नाही, आणि तिचे कान लाल झाले.

मी गोळ्या दिल्या होत्या. तिनं त्या गिळल्या होत्या. हे दोन्ही खरं धरलं तर रक्तानं खोटं बोलायला नको. पण विमेवाल्याची एक सवय असते: साक्षीदार दोन गोष्टी सांगत असेल तर त्याला तिसरी विचारायची. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, जीवनसत्त्व पोटात जातं की नाही हे तुम्ही होमोसिस्टीनवरून ताडताय. खुद्द जीवनसत्त्वच मोजलंत का? त्यांनी जुने कागद चाळले. सुरुवातीला मोजलं होतं, नंतर नाही.

नवा निकाल त्यांनी मला फोनवर वाचून दाखवला. फोलिक काठोकाठ भरलेलं होतं, बी-बाराही भरपूर. 

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “आकडा चढला म्हणून मी फोलिक वाढवत गेले. थोडं फोलिक तिला हवंच. पण ते फार झालं की हे औषध शरीरातून लवकर निघून जातं. औषध कमी सापडलं ते गोळ्या चुकल्यामुळे नाही. सगळ्या गोळ्या नेमानं घेतल्यामुळे.”

म्हणजे ज्या पुराव्यावर सूनबाई दोषी ठरत होती तोच पुरावा तिच्या बाजूचा होता. पण एक गाठ उरलीच. जीवनसत्त्व इतकं भरलेलं असताना होमोसिस्टीन का चढत होतं? माझ्या प्रश्नावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिच्या शरीरात ते चढण्याचं कारणच दिसत नाही.

शरीरात नाही, तर मग कुठे? मी वाळवणीच्या खोलीत जाऊन बसलो. गोल फिरत होते. कोपऱ्यातल्या तिघांच्या शेजारी आता चौथा होता, सगळ्यांत मोठा, आणि त्याच्या समुद्रात एकच सुरकुती होती. मला माझं स्वप्न आठवलं, आणि ते स्वप्न नव्हतं हे कळलं.

६

डॉक्टरीणबाईंच्या संमतीनं मी एका सकाळी डासरावला बोलावलं. घरचे सगळे वाळवणीच्या खोलीत जमले. मी त्याला एकाच हातातून दोन नळ्या भरायला सांगितल्या. एक बर्फात घालून थोरल्याच्या स्कूटरवर थेट प्रयोगशाळेत पिटाळली. दुसरी डासरावच्या पिशवीत ठेवून पिशवी नेहमीच्या खुंटीला अडकवायला लावली.

“आता नेहमीसारखं करा,” मी म्हटलं.

डासराव घामाघूम झाला. धाकटीनं मात्र शांतपणे एक गोल पुढे ओढला, खळीचा ब्रश त्याच्या हातात दिला आणि त्याच्या शेजारी बसली. ताईनं तोंड उघडलं, मी तिला खूण केली. आम्ही सगळे बघत राहिलो. तो पट्टी लावायचा, ती बोटानं हवा काढायची. किती वेळ गेला कोणास ठाऊक. त्या खोलीत वेळ कळत नाही, हीच तर सगळी भानगड होती. शेवटची पट्टी लागल्यावर तो उठला आणि पिशवी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही निकाल मी ताईच्या हातात ठेवले. बर्फातल्या नळीत होमोसिस्टीन चारचौघांसारखं होतं. खुंटीवरच्या नळीत ते थेट वर चढलेलं होतं. रक्त तेच, हात तोच.

मग डॉक्टरीणबाईंकडून खात्री करून घेतलेलं मी उलगडून सांगितलं. रक्त नळीत भरलं तरी त्यातल्या तांबड्या पेशी थोडा वेळ आपलं काम करत राहतात आणि होमोसिस्टीन बाहेर टाकतात. म्हणून हा नमुना थंड ठेवून लगेच न्यायचा असतो, पेशी वेगळ्या काढायच्या असतात. इथे तो उबदार खोलीत लटकत राहायचा. पहिल्यांदा डासराव लगेच गेला आणि आकडा खरा आला. पुढच्या खेपेला धाकटीनं त्याला गंमत म्हणून एक लहान गोल लावायला दिला. मेव्हण्यांचा नियम आडवा आला. घेतलेला गोल पुरा होईपर्यंत उठता येईना. त्याचा हात बसत गेला तशी ती त्याला मोठा गोल देत गेली. गोल मोठा, तशी बैठक लांब, तसा आकडा वर. आकडा वर म्हणून फोलिक जास्त, फोलिक जास्त म्हणून औषध कमी, आणि औषध कमी म्हणून फिट. चोर घरात नव्हताच. दोन माणसांना उठावंसं वाटत नव्हतं, इतकंच.

डासराव संध्याकाळी आला. बाकीच्या बहुतेक तपासण्यांना थोडा उशीर चालतो, हीही तशीच असेल असं त्याला वाटलं होतं. माझ्यामुळे त्यांच्या कपाळाला टाके पडले, म्हणाला, मी पुन्हा या घरात येणार नाही. मी म्हटलं, असला शहाणपणा करू नका. आधी रक्त पोचवा आणि मग रिकाम्या हातांनी या. धाकटीनं त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

७

फोलिक पहिल्या मापावर आलं. डॉक्टरीणबाईंनी औषध पुन्हा मोजत मोजत जागेवर आणलं आणि फिट थांबल्या. माझं काम संपलं होतं, पण महिनाअखेर आली होती आणि सूनबाईची बॅग अजून पलंगाशी भरलेली होती. कोणी तिला जा म्हणत नव्हतं. राहा असंही कोणी म्हटलं नव्हतं. थोरला दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन गोलाकडे परत आला.

माझी बहीण माफी मागणाऱ्यांतली नाही. ती सूनबाईच्या खोलीत गेली, बॅग उघडली आणि एकेक कपडा घडी करून कपाटात ठेवू लागली. सूनबाई बघत उभी राहिली. तिनं मदत केली नाही आणि अडवलंही नाही.

“मी राहीन,” शेवटी ती म्हणाली. “पण ती डबी पुन्हा हातात घेणार नाही. मी देते म्हणत होते ते तुम्ही मानलं नाहीत, त्याचं मला वाईट वाटलंच. पण आई, ती घेते म्हणत होती, तेही तुम्ही मानलं नाहीत. मला जायला माहेर तरी होतं. तिनं कुठे जायचं?”

ताईच्या हातातली साडी तशीच राहिली. माझी बहीण रडताना मी लहानपणानंतर पहिल्यांदा पाहिली. सूनबाईनं तिच्या हातातून साडी घेतली, कपाटात ठेवली आणि रिकामी बॅग पलंगाखाली सरकवली. मी माझ्या बॅगेतून गोळ्या काढल्या, धाकटीच्या खोलीत नेऊन तिच्या उशाशी ठेवल्या. तिनं जीभ दाखवली, ती मला चिडवायला.

रात्रीच्या जेवणानंतर ताई तिच्या दाराशी थांबली.

“घेतलीस का गोळी?”

“घेतली,” धाकटी म्हणाली.

ताईची नजर डबीकडे गेली. तिला ती उघडून मोजायची होती, हे मला बाहेरून दिसत होतं. ती तशीच घटकाभर उभी राहिली.

“बरं,” म्हणाली, आणि झोपायला गेली.